पावसाळी ट्रेकसाठी घडीचा चाकू

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसात चालणाऱ्यांनी चाकू निवडताना आधी गंजाचा विचार करावा, धारेचा नंतर. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण ओल्या सॅकमध्ये एका रात्रीत तांबूस डाग पडतात. इकडच्या पावसाला स्टेनलेसच बरं.

पातं ७ ते ८.५ सेंटीमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आत. दोरी, कांदा, काटक्यांची साल, एवढ्याला ते पुरतं. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ नंबरच्या चाकूचं पातं ८.५ सेंटीमीटर आणि वजन जेमतेम ५० ग्रॅम. हलकेपणात त्याला तोड नाही. खोट एकच: बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ पाण्याने फुगते आणि पातं आत अडकून बसतं. नवा असतानाच मुठीला, विशेषतः सांध्यातल्या खाचेत, जवसाचं तेल मुरवून पूर्ण सुकू द्यावं. ही कटकट नको असेल तर नायलॉनची मूठ घ्या.

लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी कडी, हवंच. घेताना पातं उघडून आडवं हलवून बघा. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीपाशी खडखडलं तर दुकानातच ठेवा. आणि पात्याच्या पाठीवर ओंडका हाणून लाकूड फोडू नका, सगळा धक्का खिळीवर येतो. ते काम कोयत्याचं. (दाजीपूरच्या अभयारण्यात तर तोडणं बंदच.)

परतल्यावर सांधा धुवा, सुकवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, चिकट होतं.