शेवट गोड करा, म्हणाले

व्याख्यान कोथरूडला असो की हडपसरला, प्रश्न ठरलेला: "मॅडम, शेवटी विश्वाचं होणार काय? एकदा नक्की सांगून टाका." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, फक्त या वेळी पुरतं ऐकून घ्या.

विश्व प्रसरण पावतंय हे आधीच माहीत होतं, पण त्याचा वेग वाढतोय, हे 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून कळलं. त्याआधी मी फळ्यावर शेवटाच्या तिन्ही शक्यता काढायची. त्यातला महासंकोच, म्हणजे विश्व पुन्हा आकसत जाणं, मला फार आवडायचा. जिथून सुरुवात तिथेच शेवट, हिशेब चोख. आवडला तर आवडला! पुराव्याने तो मागे पडला, तेव्हा मीच फळ्यावरून पुसला.

सदाशिव पेठेत एकदा ज्येष्ठ मंडळींपुढे बोलायचं होतं. संयोजक आधीच कानाशी लागले, "शेवट जरा गोड करा हं." का करायचा? मी आहे तेच सांगितलं. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी, या दोन्ही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या आहेत, तिथे प्रसरणाचं काही चालत नाही. पण दूरच्या दीर्घिका अशा लांब जातील की त्यांचा नवा प्रकाश आपल्याकडे पोचणारच नाही. पहिल्या रांगेतले कानटोपीवाले आजोबा उठले. "म्हणजे तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांना प्रसरणाचा पत्ताच लागायचा नाही?"

इतक्या वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तोंड उघडणार तोच माइक आभारांकडे गेला. "मॅडमनी घाबरवलं खरं, पण अजून पुष्कळ वेळ आहे. तोवर गरम वडे खाऊन घ्या!" हशा पिकला. मीही हसले. वड्यांच्या गर्दीत आजोबा सापडले नाहीत आणि घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. वड्यावरून रडणारी बाई म्हणा हवं तर.

आजोबा, बरोबर होतं तुमचं. महास्फोटाची साक्ष देणारं, सगळ्या आकाशातून येणारं पार्श्वप्रारणही ताणून ताणून मोजता येणार नाही इतकं क्षीण होईल. तारे विझण्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

"प्रलय आणि पुन्हा सृष्टी, आपल्याकडे लिहिलेलंच आहे" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. याच पुण्यात राहून नारळीकर सर महास्फोटाच्या सिद्धांताला आव्हान देत राहिले, पण गणित मांडून.

आणि नक्की म्हणाल, तर 2024 आणि 2025 मध्ये 'डेसी' या आकाश-सर्वेक्षणाने जाहीर केलेल्या दीर्घिकांच्या नकाशातून डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा, काळाबरोबर क्षीण होत असावी, असे संकेत मिळालेत. अजून ते पक्के नाहीत.

"मग महासंकोच परत का?" शेजारच्या काकांनी लिफ्टमध्येच विचारलं.

एवढ्यावरून तेही ठरत नाही, काका.