नवा कंट्रोलर जोडण्याआधी केबल हलवून बघा

चढाच्या मध्यावर मागच्या चाकातून ठक्कन आवाज आला, सायकलने गचका खाल्ला आणि डिस्प्ले विझला. बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे तिचं रक्षण करणाऱ्या सर्किटने, पुरवठा तोडला होता. उतरून ढकलायला लागले तर चाक अडखळत होतं. थोडं फिरायचं, अडायचं, जोर लावला की पुन्हा थोडं पुढे. घरी बनवलेली इलेक्ट्रिक सायकल चालवणाऱ्या कुणालाही हे लक्षण सांगितलं तर उत्तर एकच मिळतं. माझ्या मित्रानेही फोनवरच निकाल दिला, "अगं, कंट्रोलर उडालाय तुझा. नवा टाक आणि मोकळी हो."

कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज हवी तेवढी मोटरला देणारं खोकं, उडाला होता, हे खरंच. पण तो का उडाला, हे शोधायचं राहिलं असतं तर नवा कंट्रोलरही पहिल्या चढालाच गेला असता. म्हणून ही सगळी तपासणी सविस्तर लिहिते आहे.

माझी जुळणी साधी आहे. मागच्या चाकात बिनगिअरची हब मोटर, १३ सेल सिरीजमध्ये असलेला लिथियम पॅक, म्हणजे नावाला ४८ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६. मोटरला वीज पोचवणाऱ्या तीन जाड फेज वायर असतात: पिवळी, हिरवी, निळी. त्यांच्याच सोबत हॉल सेन्सरच्या (चुंबक कुठे आहेत ते कंट्रोलरला सांगणाऱ्या) पाच बारीक वायर. मोटर बिनगिअरची असल्यामुळे चाक हाताने फिरवलं की आतले चुंबकही फिरतात, आणि त्यामुळे मल्टिमीटर हातात घेण्याआधीच बरंच काही कळतं.

बंद सायकलचं चाक अडखळत फिरतंय म्हणजे फेजच्या वाटेत कुठेतरी शॉर्ट आहे. मोटर त्या वेळी जनरेटर झालेली असते आणि स्वतःच्याच विजेने स्वतःला ब्रेक लावत असते. शॉर्ट दोनच ठिकाणी असू शकतो, कंट्रोलरमध्ये किंवा मोटरच्या बाजूला. सर्वांत आधी बॅटरी काढली. मग तिन्ही फेज कनेक्टर ओढून वेगळे केले, टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून टेप गुंडाळली आणि चाक फिरवलं. छान मोकळं फिरलं. म्हणजे दोष कंट्रोलरमध्ये, असं वाटणं साहजिक आहे, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

पुढची खात्री मल्टिमीटरने. बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा आधी त्याच्या बॅटरीकडच्या दोन वायरांमधलं व्होल्टेज बघायचं. माझ्याकडे अजून बरंच होतं. एक किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरून ते उतरवलं. मग मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब कंट्रोलरच्या निगेटिव्ह वायरला आणि काळा एकेका फेजला. प्रत्येक फेजला मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात: वरचा पॉझिटिव्हकडे, खालचा निगेटिव्हकडे. मॉस्फेट शाबूत असेल तर त्याच्या आतल्या डायोडमुळे साधारण ०.४ ते ०.६ असा आकडा येतो. पिवळी आणि निळी दोघींवर ०.४८ च्या आसपास. हिरवीवर ०.०० आणि मीटरची शिटी. वरच्या बाजूचे मॉस्फेट तपासायला लाल प्रोब फेजवर आणि काळा पॉझिटिव्हवर. तिथे पिवळीनेही शून्य दाखवलं. खोकं उघडलं तर एका मॉस्फेटच्या काळ्या अंगावर बारीक चीर आणि शेजारी काजळी.

दोन वेगवेगळ्या फेजचे मॉस्फेट, एक वरचा आणि एक खालचा, एकाच वेळी गेले होते. इथे मी अडले. नुसत्या उष्णतेने एखादा मॉस्फेट जाणं समजण्यासारखं आहे. पण करंट पॉझिटिव्हकडून पिवळीत शिरून मोटरमध्ये न जाता थेट हिरवीतून निगेटिव्हला उतरला, तर नेमकी हीच जोडी मरते. त्यासाठी पिवळी आणि हिरवी कुठेतरी एकमेकींना चिकटायला हवी. चाक तर मोकळं फिरत होतं.

मग एका हाताने चाक फिरवत ठेवलं आणि दुसऱ्या हाताने, एक्सलमधून केबल बाहेर येते तिथे, ती हळूहळू वाकवत गेले. वर काही नाही. पुढे काही नाही. खाली वाकवली आणि चाक हातातच गपकन थांबलं. केबल सोडली, पुन्हा मोकळं.

मल्टिमीटरने हे सहजी सापडत नाही. मोटरच्या वाइंडिंगचा रोध ओहमच्या काही दशांशांइतकाच असतो, त्यामुळे दोन फेजमधला शॉर्ट आणि धडधाकट वाइंडिंग साध्या मीटरला जवळजवळ सारखेच दिसतात. चाकाला मात्र फरक लगेच कळतो. हीच युक्ती वाइंडिंग तपासायलाही चालते: फेजची टोकं दोन-दोन करून मुद्दाम जोडायची आणि चाक फिरवायचं. तिन्ही जोड्यांत ते सारखंच जड लागायला हवं. (गिअरवाल्या हब मोटरमध्ये फ्रीव्हील असतं, तिथे चाक उलटं फिरवावं लागतं.)

कारण एक्सलपाशीच सापडलं. हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सलला मागे पिळते. तो पीळ टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फ्रेमशी जखडणारी धातूची पट्टी, धरून ठेवतो. माझ्या टॉर्क आर्मचं बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं, एक्सल प्रत्येक जोराला किंचित हलत होता आणि त्याच्या भोकाची धार केबलच्या आवरणात रुतत होती. आवरणाखाली पिवळी आणि हिरवी दोन्ही तांब्यापर्यंत सोललेल्या होत्या.

वायर बदलण्यासाठी मोटर उघडली. साइड कव्हरचे स्क्रू निघाले तरी स्टेटर (आतला वाइंडिंगचा गाभा) सहज बाहेर येत नाही, चुंबक तो धरून ठेवतात, आणि सुटला की तितक्याच जोरात परत आत जातो. बोटं मध्ये नसावीत, एवढं सांगते. पातळ पण टणक टेफ्लॉन आवरणाच्या नव्या वायर ओढल्या, कारण एक्सलच्या भोकात जागाच तेवढी असते. सोल्डरचे सांधे एकासमोर एक न ठेवता पुढे-मागे घेतले, प्रत्येकावर वेगळी हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि सगळ्यांवर मिळून एक स्लीव्ह. बाहेर आलेली केबल खालच्या बाजूला झोळ देऊन बांधली, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, वायरवरून आत जात नाही. टॉर्क आर्म नवा, आणि या वेळी दोन्ही बाजूंना.

आता कंट्रोलर. निवडताना लोक वॅट बघतात. मी कपॅसिटरवरचे व्होल्ट आणि करंटची मर्यादा बघते. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये बहुधा ६३ व्होल्टचे कपॅसिटर असतात. १३ सेलच्या पॅकला ते पुरतात. १४ सेलचा पॅक ५८.८ पर्यंत जातो, तिथे फारच काठावर. करंटची मर्यादा बीएमएसच्या खाली हवी. माझा बीएमएस ३० अँपिअरचा, म्हणून कंट्रोलर २२ चा घेतला. लो व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे ज्याखाली कंट्रोलर बंद होतो ते व्होल्टेज, ४२, म्हणजे सेलमागे साधारण ३.२ व्होल्ट.

फेजचे कनेक्टर मी बॅटरीच्या कनेक्टरपेक्षा जाड घालते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच की का. चढावर चाक सावकाश फिरत असताना कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज उतरवून मोटरला देतो आणि त्या बदल्यात करंट वाढवतो. बॅटरीतून २० अँपिअर निघत असताना फेजमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट वाहू शकतात. म्हणूनच बॅटरीची वायर गार आणि फेजचा कनेक्टर वितळलेला, असं दृश्य दिसतं.

जोडणी करताना वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. थ्रॉटल (वेग वाढवणारी पिळायची मूठ) जोडण्याआधी नव्या कंट्रोलरच्या कनेक्टरवर ५ व्होल्ट कुठे आणि ग्राउंड कुठे ते मोजलं, कारण उलटं लागलं तर थ्रॉटलमधला सेन्सर मरतो. मग थ्रॉटलचा सिग्नल: सोडलेला असताना ०.८५, पूर्ण पिळल्यावर चारच्या थोडा खाली. ठीक. काळा प्रोब ग्राउंडवर आणि लाल हॉलच्या एकेका सिग्नल वायरवर धरून चाक सावकाश फिरवलं. शून्य आणि पाच, शून्य आणि पाच, तिन्हींवर. केबल सोलली गेली तेव्हा हॉलच्या वायर वाचल्या होत्या हे नशीब. हॉल आणि थ्रॉटल यांना ५ व्होल्ट एकाच ठिकाणाहून जातात, त्यामुळे एका ओल्या कनेक्टरनेही सगळी सायकल मेल्यासारखी होते आणि बिचारा कंट्रोलर विनाकारण बदलला जातो.

फेज आणि हॉलची जुळणी लर्निंग वायरने, म्हणजे कंट्रोलरला ती स्वतः शोधायला लावणाऱ्या वायरने, लागली. चाक अधांतरी ठेवून त्या दोन पांढऱ्या वायर जोडल्या, चाक उलटं फिरायला लागलं, वायर काढून पुन्हा जोडल्या, सुलटं झालं, मग कायमच्या वेगळ्या केल्या. ही सोय नसेल तर हॉल तसेच ठेवून फेजच्या सहा रचना करून बघायच्या. त्यांतली एकच गुळगुळीत चालते, बाकीच्या गुरगुरतात किंवा जास्त करंट खातात, म्हणून थ्रॉटल अगदी थोडा द्यायचा. गुळगुळीत पण उलटं चालणारी सापडली तर हॉलच्या दोन वायर आपसात बदलून सहाही पुन्हा.

बॅटरी जोडताना उडणारी ठिणगी रिकाम्या कपॅसिटरमुळे असते आणि ती हळूहळू कनेक्टर खाते. तिथे आता आत रेझिस्टर असलेला एक्सटी-९० एस हा कनेक्टर लावला आहे.

त्याच चढावर पुन्हा गेले, वर पोचल्याबरोबर फेजच्या तिन्ही कनेक्टरना हात लावून बघितलं. पिवळी आणि हिरवी कोमट, निळी थोडी जास्त गरम होती. घरी येऊन निळीची पिन पुन्हा सोल्डर केली.