दुसरी नळी

मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) होताच. पोटरीच्या शिरेत गुठळी सापडली तेव्हा रिपोर्टात एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला दिसला आणि घरच्यांना हायसं वाटलं : रक्त उशिरा गोठतंय, मग गुठळीची भीती कसली? अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीर फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं त्या आजारात, नेमका उलटा प्रकार असतो. तपासणीच्या नळीत ही प्रतिपिंडं चाचणीतल्या फॉस्फोलिपिडच्या आड येतात म्हणून वेळ वाढतो. शरीरात त्यांच्यामुळेच गुठळ्या होतात.

या आजाराच्या तपासण्या तीन : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटिबीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा यावी लागते. संसर्गानंतर ही प्रतिपिंडं काही काळ वाढून ओसरतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ताप घरोघरी. मी कॅलेंडरवर ८४ दिवस मोजून खूण केली.

शेवटच्या दोन तपासण्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा अडथळा होत नाही. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट मात्र फार नाजूक. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ०.३ मिलिलिटर सायट्रेट असतं, रक्त २.७ मिलिलिटर हवं. माझी पहिली नळी अर्धवट भरली गेली आणि नमुना बाद झाला. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटाच लांबतो. दुसऱ्यांदा मी खुणेपर्यंत भरा म्हणून आवर्जून सांगितलं. नमुना गोव्याबाहेर जाणार असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) दोनदा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरागरा फिरवून, बर्फासारखा गोठवूनच पाठवावा लागतो. त्यात प्लेटलेट राहिल्या तर गोठवताना फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड प्रतिपिंडांना शोषून घेतं आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसतो. हेपारिन, वॉर्फरिन, रिव्हरॉक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी काय चालू आहे आणि शेवटचा डोस कधी घेतला, हे फॉर्मवर लिहायलाच हवं. तपासणीसाठी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

माझ्या तिन्ही तपासण्या दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आल्या. अशा रुग्णांवर रिव्हरॉक्साबान आणि वॉर्फरिन यांची तुलना करणारा इटलीतला अभ्यास रिव्हरॉक्साबानच्या गटात गुठळ्या जास्त झाल्याने मध्येच थांबवावा लागला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणून मला वॉर्फरिन, आयएनआर (वॉर्फरिनवर रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये.

खरी कसोटी श्रावणात लागते. नुस्तें (मासळी) बंद होतं, ताटात तांबडी भाजी, तायकिळा, गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करतं, आणि आयएनआर दोनच्या खाली घसरतो. मला पालेभाजी पूर्ण सोडा असं सांगणारे बरेच भेटले. तो सल्ला चुकीचा आहे. दर आठवड्याला साधारण सारखीच खावी आणि श्रावण सुरू झाल्यावर आठवडाभरात आयएनआर करून घ्यावा. उलट बाजूने मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनॅझोल ही औषधं आयएनआर झपाट्याने वाढवतात, तेव्हा फार्मसीत आपण वॉर्फरिन घेतो हे आधी सांगावं. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको.

बाळाचा विचार असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. वॉर्फरिन गर्भाला अपायकारक असतं, त्याजागी हेपारिनची इंजेक्शनं आणि कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या आम्हाला चालत नाहीत, मासिक पाळी पुढे ढकलण्यासाठीसुद्धा नाहीत. चतुर्थीच्या आधी त्या मागणाऱ्या मैत्रिणींना मी हे दरवर्षी सांगते.