तळातलं पाणी : आमच्या फायबर वर्कशॉपची वाटचाल

समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या वर, जेटस्की, म्हणजे पाण्यावर पळणाऱ्या स्कूटरसारख्या गाड्या, दुरुस्तीला येतात हे ऐकून पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास विचारतो, "कोल्हापुरात?" कोल्हापुरातच. उद्यमनगरात वडिलांचं पॅटर्नचं दुकान होतं. फाउंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न ते करायचे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. धाकटा भाऊ आणि मी त्याच दुकानात वाढलो. पुढे लाकडाचं काम कमी होत गेलं तसं आम्ही फायबरकडे वळलो आणि गोकुळ शिरगावात शेड घेतली. ट्रॅक्टरची बोनेटं, केमिकलच्या टाक्या, कुलिंग टॉवरचे भाग, बापट कॅम्पातल्या कुंभारांसाठी मूर्तीच्या रबरी साच्यांवरचं फायबरचं कवच, मिळेल ते काम केलं. काचतंतूंची मॅट, ती बसवायचं चिकट रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर आणि घाम, यावर आमची पहिली काही वर्षं गेली.

जेटस्की आली ती मालवणहून. पर्यटकांना फिरवणाऱ्या एका ओळखीच्या व्यावसायिकाने टेम्पोत घालून गगनबावड्याच्या घाटाने वर पाठवली होती. तळाला खडक लागून चीर गेलेली, तेवढी भरून द्या, एवढाच निरोप. मालक मागून स्वतः आला आणि सहज बोलून गेला, "शेट, इंजिन नवीन केलंय, पण गाडी पयल्यासारखी धावना नाय." चीर भरण्याआधी आम्ही गाडी चेन ब्लॉकला टांगली आणि मध्ये क्रेनचा काटा लावला. पुस्तकात दिलेलं कोरडं वजन आणि टाकीतल्या पेट्रोलचं वजन धरूनही चाळीस किलोच्या आसपास जास्त भरत होतं. एवढं वजन पेट्रोलचं नव्हतं, इंजिनचंही नव्हतं. ते फोममध्ये होतं.

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमचं सगळं काम याच गोष्टीवर उभं आहे. जेटस्कीच्या पोकळ तळात, टाकीच्या बाजूला, इंजिनच्या पुढे-मागे कंपनीने पिवळसर कडक फोम भरलेला असतो. तळ फुटला, आत पाणी शिरलं, तरी गाडी आणि माणूस वर राहावा यासाठी तो असतो. साधारण 32 डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला 32 किलो. एक घनफूट फोमचं वजन एक किलोसुद्धा भरत नाही, आणि तेवढ्या जागेतलं पाणी 28 किलोचं. म्हणजे एक घनफूट फोम सुमारे 27 किलो वजन पाण्यावर तोलून धरतो. त्याच घनफुटातल्या निम्म्या पोकळीत पाणी शिरलं तर 14 किलोचं ओझं गाडीने कायम वाहायचं, आणि बुडायची वेळ आली की तेवढाच आधार गेलेला.

फोममधले बारीक कप्पे बंद असतात, मग पाणी जातं कसं? वर्षानुवर्षं तळात साचलेलं पाणी, लाटांवरचे दणके, दिवसा तापणं आणि रात्री थंड होणं, यांनी कप्प्यांच्या भिंती तडकतात. वाफेच्या रूपाने ओल आत सरकते आणि तिथेच पाणी होऊन बसते. वरून हात लावला तर फोम कोरडा लागतो, हे सर्वांत फसवं. म्हणून आम्ही होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, आतपर्यंतचा गाभा काढतो आणि मालकाच्या हातात देतो. मालवणच्या त्या माणसाने गाभा मुठीत दाबला तेव्हा मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळलं, पेट्रोल आणि ऑइलचा वास असलेलं. त्यानंतर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

काढायचं काम हातानेच होतं. बॅटरी, पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट, इंजिन बाहेर. मग करवत, पटाशी, खुरपं. पेट्रोलची वाफ असेपर्यंत ग्राइंडरला हात लावायचा नाही, हा नियम शेडमध्ये मिस्त्रींपेक्षा मोठा आहे. जेमतेम खांदा जाईल एवढ्या तोंडातून आत हात घालून एकेक तुकडा सोडवायचा, तोही तळाच्या फायबरला ओरखडा न पाडता. आमचे थोरले मिस्त्री डोळे मिटून पटाशी चालवतात. फायबर लागलं की आवाज बदलतो, म्हणतात. निघालेला फोम आम्ही जाळत नाही, कोणी जाळूही नये, त्याचा धूर विषारी असतो. पोत्यात भरून औद्योगिक कचऱ्याच्या अधिकृत गाडीला देतो.

मग पोकळी सुकवायची. इथेच गिऱ्हाइकाचा धीर सुटतो आणि आमची परीक्षा असते. नव्या फोमची आयसोसायनेट आणि पॉलिओल ही दोन द्रव्यं मिसळली की मिनिटभरात मिश्रण फुगायला लागतं आणि पंचवीस-तीस पट वाढतं. पण आयसोसायनेटला पाणी दिसलं की ते आधी पाण्याशीच भिडतं, वायू सुटतो, आणि फोम मोठ्या भोकांचा, ठिसूळ होतो. ओल्या तळावर भरलेला फोम चिकटतही नाही. आणि समुद्रावरच्या जलक्रीडा बंद असतात पावसाळ्यात, म्हणजे गाड्या आमच्याकडे येतात त्याच दिवसांत, जेव्हा कोल्हापुरात धुतलेला टॉवेल वाळत नाही. यासाठी आम्ही शेडच्या एका कोपऱ्यात बंद खोली बांधली, हवेतली ओल ओढणारं यंत्र आणि हीटर बसवला. बँकेचं पहिलं मोठं कर्ज मशिनसाठी नव्हे, या खोलीसाठी घेतलं. डिसेंबरच्या थंडीतही तिचा उपयोग होतो. द्रव्यं पंचवीस अंशांच्या आसपास नसतील तर फोम अर्धवटच फुगतो.

भरणं हे हिशेबाचं काम. पोकळी 50 लिटरची असेल तर सोळाशे ग्रॅम मिश्रण लागतं, वर थोडी घट धरायची. प्रमाण पुरवठादाराने दिलेलंच, आणि तेही वजनकाट्यावर, डब्याच्या अंदाजाने नाही. सगळं एकदम ओतायचं नाही. मिश्रण तापतं, गाभा करपतो, आणि फुगण्याचा जोर असा असतो की डेक वर उचलला जातो. थर ओतायचा, थंड होऊ द्यायचा, मग पुढचा. मास्क साध्या कापडाचा चालत नाही, केमिकल कार्ट्रिजचाच लागतो. त्याबाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही, अगदी मिस्त्रींचंसुद्धा. आतल्या वायरी आधी नळीतून ओवून घेतो, टाकीला प्लॅस्टिक गुंडाळतो, आणि कण्याच्या रेषेत पाणी बिल्ज पंपाकडे (तळातलं पाणी बाहेर फेकणारा पंप) आणि ड्रेन प्लगकडे (पाणी सोडायचं बूच) वाहील अशी पन्हळ मोकळी ठेवतो. जुन्या गाड्यांत फोमच त्या वाटेत बसलेला असतो आणि दुखण्याचं मूळ तिथेच असतं. कापलेल्या फोमचं तोंड उघडं न ठेवता त्यावर रेझिनचा हात देतो.

रेझिनवरून आणखी एक. काही गाड्यांचे तळ हाताने मॅट लावलेले नसतात, दाबाच्या साच्यातून काढलेले असतात. एसएमसी म्हणतात, आपल्या घराबाहेरच्या विजेच्या मीटरच्या पेट्या त्याच प्रकारच्या. त्यावर साधं पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही, इपॉक्सीच लागतं. खर्च वाढतो, पण चीर पुन्हा उघडत नाही. आणि थर्माकोल भरून स्वस्तात भागवू असं कुणी म्हटलं तर आम्ही थर्माकोलच्या तुकड्यावर पॉलिस्टर रेझिनचे चार थेंब टाकून दाखवतो. डोळ्यांदेखत विरघळतो. पेट्रोलनेही तसंच होतं.

धंदा वाढला तो तोंडी शिफारशीवर. मालवण, तारकर्ली, देवबाग, पुढे गोव्याच्या बाजूनेही गाड्या येऊ लागल्या. एक गाडी अशी आली की दुसरीकडे कुणीतरी ओल्या फोमवरच हार्डवेअरच्या दुकानातला, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायचा स्प्रे फोम मारून वर रंग दिला होता. मालकाने पूर्ण कामाचे पैसे मोजले होते. बंद झाल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणून हे असं चालतं. तेव्हापासून आम्ही पद्धतच ठेवली. आधीचं वजन, फोम काढल्यावरचं वजन, भरल्यावरचं वजन, तिन्ही काट्यावर, फोटोसह. मालक येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर. वजन पुस्तकाशी जुळल्याशिवाय बिल करत नाही.

काही कामं आम्ही सोडलीही आहेत. "फोम काढा, परत भरू नका, हलकी पळेल," असं सांगणारे येतात. पळेल, खरं आहे. पण मागे बसलेलं पोर कुणाचं तरी असतं. फोमशिवाय आम्ही तळ बंद करत नाही.

2019च्या आणि 2021च्या महापुरानंतर कामाला आणखी एक बाजू फुटली. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे आमच्या भागात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. नदीकाठच्या गावांत फायबरच्या बोटी आहेत, पण वर्षातले दहा-अकरा महिने त्या उघड्यावर पडून असतात. वल्ह्यांच्या कड्यांच्या स्क्रूमधून, बाकाच्या सांध्यातून पाणी बाकाखालच्या फोममध्ये मुरतं. अशी बोट दिसायला धडधाकट असते, आणि दहा माणसं बसली की तिचा काठ पाण्याला टेकतो. भाऊ सध्या हेच काम बघतो. शिरोळ आणि करवीर तालुक्यातल्या गावांत तो काटा आणि तिकाटणं घेऊन जातो आणि बोट जागेवरच टांगून वजन करतो. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

गावातल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे की बोट जूनमध्ये पाठवू नका. ओला फोम काढून तळ सुकायलाच वेळ लागतो, आणि पाणी वाढायला लागल्यावर बोट आमच्या शेडमध्ये उघडी पडलेली असून चालणार नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाठवा. तोपर्यंत बोट पालथी घालून, खाली दोन ओंडके देऊन, सावलीत ठेवा आणि ड्रेन प्लग काढून बाकाला बांधून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तो शोधावा लागणार नाही.