सरड्याच्या टँकमधली ऊब आणि दमटपणा: एक बदललं की दुसरं हलतंच

सरडे आणि गेको (पालीसारखे छोटे सरडे) पाळणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी दोन वाक्यांत मावतात. "गरम बाजू पुरेशी तापत नाही" आणि "आर्द्रता टिकत नाही". गंमत अशी की दुसरी तक्रार बहुधा पहिलीवर केलेल्या उपायातूनच जन्मते. बल्ब मोठा लावला की आर्द्रता पडते. ती सावरायला वरची जाळी झाकली की टँकची भट्टी होते. मग पुन्हा बल्ब बदला, पुन्हा स्प्रे मारा. ऊब आणि आर्द्रता ही दोन सुटी बटणं आहेत असं समजून चाललं, की हा खेळ संपत नाही.

मीटरवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, हे तो आकडा सांगतो. हवा तापली की तिची ही क्षमता झपाट्याने वाढते. २५ अंश सेल्सिअसला ६० टक्के आर्द्रता असलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापवा. त्यातलं पाणी कणभरही कमी न होता मीटर ३४ टक्क्यांवर येईल. तीच हवा रात्री २० अंशांवर उतरली की आकडा ८१. म्हणजे एकाच टँकमध्ये, एकाच क्षणी, दिव्याखाली ३५ टक्के आणि थंड कोपऱ्यात ६० टक्के असणं हा बिघाड नाही, तसंच असायला हवं. "माझ्या टँकची आर्द्रता ५० टक्के आहे" या वाक्याला कुठे आणि किती वाजता हे जोडल्याशिवाय काही अर्थ नाही.

म्हणून आधी मोजमाप. काचेवर चिकटवायचे काटेवाले गोल मीटर सरळ बाजूला ठेवा. ते दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात आणि काचेला चिकटलेले असल्यामुळे फार तर काचेजवळची हवा मोजतात. वायरला प्रोब (टोकाचा मोजणारा सेन्सर) असलेले दोन डिजिटल मीटर घ्या. एकाचा प्रोब गरम बाजूला, दुसऱ्याचा थंड बाजूला, दोन्ही प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर. तिसरी गोष्ट म्हणजे इन्फ्रारेड टेंपरेचर गन, कारण सरडा बसतो तो दगडावर, आणि दगडाचं तापमान हवेच्या मीटरला कळत नाही. गन वापरताना टँकचं दार उघडा. काचेतून नेम धरलात तर ती काचेचंच तापमान दाखवते.

आर्द्रतेचा मीटर खरं बोलतो का, हे घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत घालून खोलीच्या तापमानाला आठ ते बारा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक वाचनात पाच मिळवायचे, एवढंच.

आता आकडे. लेपर्ड गेकोला बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली ऊब घेत बसायच्या जागी पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश, थंड बाजू २४ ते २६, हवेत आर्द्रता ३० ते ४० टक्के. बियर्डेड ड्रॅगनला दिव्याखालचा दगड ४० ते ४३ अंश, थंड टोक २५ ते २८, आर्द्रता तीच ३० ते ४०. क्रेस्टेड गेकोचं गणित उलटं आहे. त्याला २२ ते २६ अंश पुरतात, २८ च्या वर त्याला त्रास व्हायला लागतो, आणि आर्द्रता रात्री ८० च्या आसपास जाऊन दिवसा ५० पर्यंत उतरायला हवी. ब्लू टंग स्किंक घेताना तो ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातल्या जातीचा आहे की इंडोनेशियातल्या दमट जंगलातला, हे विचारूनच घ्या. नाव एकच, गरजा वेगळ्या.

यातला कुठलाही आकडा अख्ख्या टँकसाठी नाही. सरडा स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही, तो जागा बदलून ती घेतो आणि सोडतो. त्यामुळे एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली हवीच, आणि त्यासाठी लांबी लागते. पूर्ण वाढलेल्या लेपर्ड गेकोला ९० सेंटीमीटर, बियर्डेड ड्रॅगनला १२० सेंटीमीटर ही किमान लांबी धरा. ४५ सेंटीमीटरच्या टँकमध्ये कितीही महागडी उपकरणं लावली तरी तासाभरात दोन्ही टोकं सारखीच तापतात.

ऊब वरून द्यावी, हे माझं ठाम मत. साधा हॅलोजन फ्लड बल्ब दिवसाच्या कामाला उत्तम, कारण त्याचे जवळचे अवरक्त किरण कातडीखाली खोलवर पोचतात. उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरची उष्णता वरच्या थरातच राहते आणि भोवतालची हवा तापवते, त्यामुळे तो रात्रीसाठी ठेवावा, आणि तोही खोली खरंच गार होत असेल तरच. लेपर्ड गेको आणि बियर्डेड ड्रॅगन दोघांनाही रात्री १८-२० अंश चालतात. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल-निळे बल्ब घेऊ नका. सरड्यांना तो उजेड दिसतो आणि झोप बिघडते. सिरॅमिक हीटरला होल्डरही चिनी मातीचाच लागतो, प्लास्टिकचा वितळतो. हीटर किंवा बल्ब टँकच्या आत असेल तर भोवती जाळीचा पिंजरा हवाच. आतून तापणारे कृत्रिम दगड तर दुकानातच राहू द्या. ते एका ठिपक्यात जास्त तापतात, सरडा मात्र पोट भाजत असतानाही तिथून हलत नाही.

बल्ब किती वॅटचा, हा प्रश्न सगळे विचारतात; अंतर किती, हे कोणी विचारत नाही. दिव्यापासून ३० सेंटीमीटरवर ५० ते ७५ वॅटच्या हॅलोजनने सुरुवात करा, खाली जाड फरशी किंवा स्लेटचा तुकडा ठेवा, तासाभराने गनने मोजा. कमी पडलं तर दगड उंच करा, जास्त झालं तर खाली घ्या. तापलेली जागा प्राण्याच्या निदान धडाएवढी असू द्या. स्पॉट बल्बने पाठीचा मधलाच भाग तापतो, बाकी अंग गार राहतं, मग सरडा जास्त वेळ बसून राहतो आणि तेवढाच भाग भाजून घेतो.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या नियंत्रकाशिवाय, कुठलाही हीटर लावायचा नाही. हॅलोजनला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) प्रकारचा, सिरॅमिकला पल्स (वीज छोट्या झटक्यांत देणारा), आणि हीट मॅटला, म्हणजे टँकखाली ठेवायच्या तापणाऱ्या चटईला, साधा ऑन-ऑफ चालतो. ऑन-ऑफला बल्ब जोडला तर तो दिवसभर उघडझाप करतो आणि लवकर उडतो. पण खरे घोटाळे होतात ते प्रोबमुळे. प्रोब जागेवरून निसटून थंड कोपऱ्यात पडला, की थर्मोस्टॅटला वाटतं टँक गार आहे, आणि हीटर पूर्ण ताकदीने सुरूच राहतो. प्रोबवर पाणी सांडलं तरी तेच. म्हणून तो केबल क्लिपने किंवा ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने पक्का बसवा. आत चिकटपट्टी कधीही नको. उष्णतेने तिची कड सुटते, सरडा तिला चिकटतो आणि ओढताना कातडी निघते.

हीट मॅट वापरणारच असाल तर मॅटने तळाचा एक तृतीयांशच भाग व्यापू द्या, टँक पायांवर थोडा उचललेला ठेवा आणि प्रोब मॅटच्या बरोबर वरच्या काचेवर टेकवा. त्यावरचा मातीचा थर दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. जाड थराच्या वर प्रोब ठेवला तर वर गार वाटतं, खाली मॅट तापत राहते, आणि गेको ऊब शोधत उकरून नेमका त्या काचेवर जाऊन झोपतो. पोटाचे खवले तपकिरी पडलेले दिसले तर आधी हे तपासा.

आता दमटपणा. टँकच्या पुढच्या बाजूला खाली फटी आणि वर जाळी असेल, तर दिवा लागताच तो टँक धुरांड्यासारखा वागतो: गरम हवा वरून बाहेर पडते आणि खोलीतली कोरडी हवा खालून आत ओढली जाते. दिवा जितका जोरदार, तितका हा ओढा जास्त. अशा टँकमध्ये स्प्रे मारून मिळालेली आर्द्रता पाऊण तासात पार होते. उपाय म्हणजे वरच्या जाळीचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पट्टीने किंवा ॲल्युमिनियम फॉइलने झाकणं. उष्णतेच्या दिव्याभोवती १५ सेंटीमीटर मोकळे सोडा, नाहीतर ॲक्रिलिक वाकतं. यूव्हीबी (अतिनील-बी किरण देणाऱ्या) ट्यूबच्या खाली तर काही म्हणजे काही ठेवू नका. काच ते किरण अडवते, ॲक्रिलिकही अडवतं, आणि सरड्याच्या हाडांचा हिशेब त्यांच्यावर चालतो.

जाळी झाकल्यावर ऊबही अडकते, म्हणून त्याच दिवशी दगडाचं तापमान पुन्हा मोजा.

दमट टँकला पाणी वरून फवारण्यापेक्षा खालून द्यावं. तळाला चार-पाच सेंटीमीटर भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर बारीक जाळी, त्यावर आठ-दहा सेंटीमीटर माती आणि कोकोपीटचं मिश्रण, सर्वांत वर वाळलेली पानं. पाणी कोपऱ्यांतून ओतायचं, म्हणजे ते खालच्या थरात मुरतं. वरचा थर कोरडा राहतो, पाय ओले राहत नाहीत आणि बाष्प दिवसभर हळूहळू वर येत राहतं. बोटाने दोन सेंटीमीटर उकरून माती गार-ओलसर लागली की पुरे; मुठीत दाबून पाणी गळलं तर ती चिखल झाली.

क्रेस्टेड गेकोला मिस्टिंग, म्हणजे पाण्याची बारीक फवारणी, लागतंच, कारण तो काचेवरचे आणि पानांवरचे थेंब चाटून पाणी पितो. दिवे गेल्यावर भरपूर, सकाळी हलकं. दुपारपर्यंत काच कोरडी झाली पाहिजे. चोवीस तास काच घामेजलेली असेल तर हवा खेळत नाहीये, आणि बुरशी येणारच. काचेवरचे थेंब पाहून आर्द्रता भरपूर आहे असं मात्र समजू नका. २५ अंश आणि ६० टक्क्यांच्या हवेतलं बाष्प १६-१७ अंशांच्या काचेवर दव होऊन बसतं, म्हणजे ते थेंब कदाचित एवढंच सांगतात की खोली गार आहे. फॉगरबद्दल (पाण्याचं धुकं सोडणाऱ्या यंत्राबद्दल) माझं मत फारसं चांगलं नाही. टाकी दर आठवड्याला घासली नाही तर त्यातले जंतू धुक्याबरोबर थेट फुप्फुसात जातात. वापरायचाच तर आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी, आणि टायमरवर थोडा वेळच.

कोरड्या प्रदेशातल्या सरड्यांसाठी अख्खा टँक ओला करण्याचं कारणच नाही. त्यांना हवी एक दमट खोली. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, गेको आत वळू शकेल एवढा. बाजूला चार-पाच सेंटीमीटरचं भोक पाडा आणि त्याची कड सँडपेपरने घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून, मुठीत घट्ट पिळून, एकही थेंब पडेनासा झाल्यावर सैल करून भरा. डबा गरम बाजू आणि मध्य यांच्या सीमेवर ठेवा. तिथल्या उबेने आत ७०-८० टक्के राहतात, बाहेर ३५. कात टाकायच्या आधी गेकोचा रंग दुधाळ, फिकट होतो. त्या दिवसांत मॉस रोज बघा. महिन्यातून दोनदा ते बदला.

कात निघून गेल्यावर बोटं तपासायची. अडकलेली कात लेपर्ड गेकोच्या बोटांवर बारीक पांढऱ्या अंगठीसारखी दिसते. पुढच्या कातीला तिच्यावर दुसरी चढते, वाळून आवळते, रक्त अडतं आणि बोट काळं पडून गळतं. शेपटीचं टोक आणि पापण्यांच्या आतली बाजूही बघा. २८-३० अंशांच्या, पोटाला टेकेल इतक्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि ओल्या कॉटन बडने टोकाकडे हलके लोटा. निघत नसेल तर ओढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोळ्यावरची कात मात्र सरीसृपांच्या डॉक्टरांनीच काढावी.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते: ओलं आणि गार एकत्र. टिचटिच असा श्वासाचा आवाज, नाकाशी बुडबुडे, मान वर करून तोंडाने श्वास ही श्वसनसंसर्गाची लक्षणं आहेत, आणि ती घरच्या उपायांनी जात नाहीत. बियर्डेड ड्रॅगन दिव्याखाली तोंड उघडून बसतो ते वेगळं, ते जास्तीची उष्णता सोडणं आहे. दिव्यापासून लांब, गार कोपऱ्यातही तोंड उघडंच असेल तर उशीर करू नका.

नवा टँक प्राण्याशिवाय तीन दिवस चालवा. पहाटे दिवे लागायच्या आधी, दुपारी आणि दिवे गेल्यावर दोन तासांनी आकडे लिहा. काही बदलायचं तर एका वेळी एकच गोष्ट, आणि मग पूर्ण एक दिवस थांबायचं. ऋतू बदलला की हे पुन्हा करा, कारण टँकची सुरुवात खोलीच्या हवेपासून होते.

वीज गेल्यावर गारठ्याची घाई करू नका; एखादी गार रात्र सरडे सोसतात. टँकला ब्लँकेट गुंडाळा, फटी मोकळ्या ठेवा, काचेच्या बाहेरून कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली लावा. उन्हाचा तडाखा मात्र तासांत जीव घेतो. क्रेस्टेड गेकोच्या टँकमध्ये २९-३० दिसले तर सगळे दिवे बंद, जाळीवरचं झाकण काढून जाळीवर ओलं फडकं आणि वरून छोटा पंखा. हवा आधीच दमट असेल तर फडक्याचा उपयोग नाही. तेव्हा गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. ऊब गेलेली असताना खायला काहीही देऊ नका. गार पोटात किडे पचत नाहीत, सडतात. वीज आली, दगड पुन्हा ठरलेल्या तापमानावर आला आणि सरडा स्वतःहून त्यावर येऊन बसला, की दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं खाणं द्या.