लग्नाचा वाढदिवस डिसेंबरातला, साजरा 26 जानेवारीला

मेडिकल दुकानाला सुट्टी नसते. दिवाळीला पाडव्याची पूजा झाली की दुपारी शटर वर, धुळवडीला तर सकाळपासूनच डोळ्यांत रंग गेलेली पोरं हजर. आमच्याकडं दुकान ह्यांचं, शाळा माझी, मुलगा यंदा दहावीला, मुलगी सातवीला, आणि सासूबाईंच्या वारी-प्रदोष-एकादशीचं वेगळंच वेळापत्रक. पाचजण एका दिवशी, एका वेळी मोकळे सापडणं म्हणजे मुहूर्त काढण्याएवढंच अवघड. म्हणून आम्ही तारखेचा नाद कधीच सोडून दिलाय. नवीन कॅलेंडर भिंतीवर आलं की आधी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट कुठल्या वारी आलेत ते बघायचं. घरातले सगळे वाढदिवस मग त्यातल्या जवळच्या तारखेला जोडून द्यायचे.

आमच्या लग्नाचा वाढदिवस येतो डिसेंबरात. डिसेंबरात माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन असतं आणि थंडीमुळं दुकानात खोकल्याच्या बाटल्यांची रांग. जानेवारी उजाडला की सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. 13 तारखेला नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात, 14 ला संमती कट्ट्यावर अक्षता, 15 ला होम, 16 ला शोभेचं दारूकाम. दुकान मिरवणुकीच्या वाटेवर असल्यानं त्या चार दिवसांत ह्यांनी पांढरी बाराबंदी घालायची ती गल्ल्यावर बसण्यासाठीच. सासूबाई मात्र अक्षता चुकवत नाहीत. सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला गेल्याशिवाय आमच्या लग्नाचा वाढदिवस कसा करणार, असा त्यांचा सवाल असतो आणि त्यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

यंदा एक बरं झालं. पुतण्या डी. फार्म. होऊन दुकानात बसायला लागला. त्यामुळं 26 जानेवारीला संध्याकाळी पाचपर्यंत ह्यांची सुटका. पाच म्हणजे पाच, कारण त्यानंतर डॉक्टरांच्या ओपीडी सुरू होतात.

सकाळी साडेसातला मी शाळेत. झेंडावंदन, कवायत, मग भाषणं. सोलापुरातल्या शाळेत मुलांच्या भाषणात इंग्रजांनी शहरात लावलेला 1930 चा मार्शल लॉ येणार म्हणजे येणारच, आणि यायलाही हवा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं इथली पोरं पाढ्यासारखी म्हणतात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. यंदा पाचवीतल्या एका मुलीनं ते इतकं जीव तोडून सांगितलं की पालकांतही शांतता पसरली. मग जिलेबीवाटप, हजेरी, सह्या. गेटबाहेर गाडीत ह्यांनी दोनदा हॉर्न दिला, तेव्हा मुख्याध्यापकबाईच म्हणाल्या, "जावा की ओ आता, वर्षातनं एकदा बाहेर पडताय."

डबा म्हणाल तर आमच्या घरी तो कायम तयारच असतो. कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीची बरणी आणि सकाळी लावलेलं दही. कामाच्या माणसांसाठी याहून सोयीचं खाणं मला माहीत नाही. कडक भाकरी आठवडाभर टिकते, गरम करावी लागत नाही, सांडत नाही. चटणी मात्र उखळात कुटलेली पाहिजे. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी हाताला चिकटायला लागते. मिक्सरमधून काढली की तिचा भुगा होतो, आणि तो भुगा सासूबाई चटणी म्हणून मोजत नाहीत.

सैफुल मागं पडलं आणि विजापूर रोड मोकळा झाला. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्येच हरभरा, मध्येच ऊस. जानेवारीत या रस्त्यावर गाडी चालवायची तर उसाच्या ट्रॅक्टरांची सवय हवी. मागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाच्या शेंड्यांनी अर्धा रस्ता झाकलेला, पाठीमागं दिवा नाही आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाणार नाही. अंधार पडायच्या आत परत फिरा, एवढंच सांगते.

मंद्रूपजवळ माझ्या शाळेतल्या बाईंच्या माहेरचं शेत आहे. हुरड्याचं आमंत्रण त्यांचं दरवर्षी असतं, यंदा ते लागू पडलं. हल्ली सोलापूरच्या आसपास तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात. झोके, बैलगाडी, मुलांना पतंग, सगळं असतं. वाईट काही नाही त्यात. पण हुरडा हा घाईनं वाढायचा पदार्थ नव्हे आणि तिथं मागं रांग असते.

बांधाशेजारी आगटी पेटवलेली होती. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या. ज्वाळ संपून नुसता निखारा आणि राख उरली की काकांनी कणसं त्यात खुपसली, दांडे बाहेर. ही हुरड्याची ज्वारी वेगळी, गुळभेंडी नाहीतर सुरती, दाणा दुधाळ असतानाच खुडायची. भाकरीच्या मालदांडीचा हुरडा होतो, पण खाणाऱ्याच्या तोंडावर कळतं. दोन-तीन मिनिटांत काकांनी एक कणीस ओढून काढलं, राख झटकली आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळायला घेतलं. हात भाजतात की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. हिरवेगार दाणे पाटीत पडले, त्यावर एक लांब फुंकर, आणि कूस उडून गेली.

मुलानं ऐटीत एक कणीस घेतलं आणि पुढच्याच क्षणाला ते पाटीत टाकून हात झटकत उभा राहिला. "काय बे, गॅसवरचा पापड वाटला का तुला?" ही बहीण. तोवर सासूबाई पदर खोचून आगटीपाशी बसल्याही होत्या. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातलं. घरी गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवरून न उठणारी बाई तिथं मांडी घालून कणसामागून कणसं चोळत होती आणि काकूंशी कानडीत अखंड बोलत होती. कुणाची सून, कुणाचं शेत, कुणाच्या विहिरीला पाणी, सगळी चौकशी. मध्येच ह्यांच्याकडं वळून, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का हो, असं मुलाला कुणी परक्या पाहुण्यासारखं अहो-जाहो करून विचारतं का? पण त्या दिवशी त्यांना चेष्टा सुचत होती.

दाणा गरम असताना तोंडात टाकायचा. आधी धुराचा वास, मग दूध, मग हलकी गोडी. त्यावर चटणी, पुन्हा दाणे, मग गुळाचा खडा. किती खाल्ला याचा हिशोब लागत नाही, म्हणून शेवटी ताक हवंच.

मधल्या वेळात ह्यांचा फोन चालूच. पुतण्याला औषध सापडत नव्हतं. ज्वारीच्या पिकात उभं राहून, कानाला फोन, एका हातात हुरडा, "अरे दुसरा रॅक... फ्रीजच्या बाजूचा... वरून तिसरा कप्पा, शुगरच्या गोळ्यांच्या मागं," असं चाललेलं. राखणीला आलेला पोरगा गोफण थांबवून बघत राहिला. मला या फोनचा पूर्वी राग यायचा. आता वाटतं, दुकान बरोबर आलं तर आलं, माणूस तर आला.

काकूंना कुणीतरी सांगितलं की हा लग्नाचा वाढदिवस आहे, महिनाभर शिळा. त्यांनी हळदीकुंकवाची कुयरी मागवली, ओटीत दोन कणसं, मूठभर हरभऱ्याचे घाटे आणि गुळाचा खडा घातला आणि म्हणाल्या, "घ्या आता नाव." शेतात, गडीमाणसांसमोर, पोटच्या पोरांसमोर! मुलीनं तर मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं. मग घेतलं:

"आगटीतल्या हुरड्याला शेंगाचटणीची जोड,
...रावांनी दुकान सोडलं, हेच मला गोड."

ह्यांनाही घ्यायला लावलं. ते औषधाच्या दोन ब्रँडांच्या यमकात अडकले, ते इथं लिहीत नाही.

तिथून हत्तरसंग कुडल. सोलापूरहून साधारण चाळीस किलोमीटर, भीमा आणि सीना नद्यांचा संगम. सोलापुरात वर्षानुवर्षं राहून हे न बघितलेली माणसं पुष्कळ. पाहुणे आले की सिद्धेश्वर, भुईकोट, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या माळेत कुडल बसत नाही, कारण तिथं गर्दी नाही, प्रसादाची दुकानं नाहीत. आमच्यासाठी ते सोयीचंच.

संगमेश्वराच्या सभामंडपात आत गेलं की एकदम गारवा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत खांबच हाताला लागतात. इथल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा, मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्यामुळं तो प्रकाशात आला. आम्ही शाळेत श्रवणबेळगोळचा 'चामुंडराजें करवियलें' हा सगळ्यात जुना म्हणून पाठ केलेला. सगळ्यात जुना कोणता यावर अक्षीच्या शिलालेखाचं नावही पुढं येतं, तो वाद विद्वानांनी घालावा. मला आवडतं ते त्यातलं वाक्य. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं. दहावीचा मुलगा बरोबर असताना यापेक्षा सोन्यासारखा दगड कुठला मिळणार? मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच तो म्हणाला, "वाचला की आत्ता. झालं. पास."

त्याहून मुलं रमली ती बहुमुखी शिवलिंगापाशी. उत्खननात मातीखालून निघालेलं हे लिंग. पिंडीवर सगळीकडून लहान लहान मुखं कोरलेली, 359. मुलगी मोजायला बसली, रांगा धरून. साठाच्या पुढं भाऊ मुद्दाम मध्येच चुकीचा आकडा म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई लिंगाला हात जोडून उभ्या होत्या. एवढ्या तोंडांना नैवेद्य कसा पुरवत असतील, एवढंच म्हणाल्या.

संगमाच्या काठी झाडाखाली डबे उघडले. हुरडा खाऊन पोट भरलेलं, तरी नदीकाठी बसलं की भूक लागते. कडक भाकरीचा तुकडा मोडताना कुडकुड आवाज झाला आणि कुठलंसं कुत्रं पन्नास फुटांवरून उठून आलं. दह्यात भिजवलेली भाकरी, वर चटणी. दोन्ही नद्यांचं पाणी हिरवट, संथ. मुलांना पाण्यात उतरायचं होतं, ते मी होऊ दिलं नाही. नदीचा तळ आपल्या ओळखीचा नसतो.

हरिहरेश्वराच्या देवळात घाईनं डोकावलो, खरं तर ते जास्त वेळ मागतं. ह्यांचं घड्याळाकडं लक्ष होतं. अशा अर्ध्या दिवसाच्या सहलीत एक शिस्त मी ठरवून टाकलीय, दोनच ठिकाणं. तिसरं घातलं की पहिली दोन्ही गाडीच्या काचेतूनच बघितल्यासारखी होतात. माचणूर बघून येऊ का, असं मुलगा म्हणालाही. नाही.

साडेचारला सैफुल, पाचला दहा कमी असताना ह्यांना दुकानाशी उतरवलं. पुतण्यानं दिवसभरात न सापडलेल्या औषधांची यादी करून ठेवलेली. मुलांनी मला होम मैदानाकडं ओढलं, गड्ड्यावरचे पाळणे अजून होते. एक चक्कर, एक वडापाव, बस.

रात्री जेवताना मुलीनं स्वतःच्या वाढदिवसाचं काढलं. तो येतो मार्चात, भावाच्या बोर्डाच्या ऐन मध्यावर.

"1 मे ला करू," मी म्हटलं.

"1 मे ला चव्वेचाळीस डिग्रीत कुठं जायचं?" मुलगा.

नळदुर्ग काढलं कुणीतरी. पण पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे बघायचे तर बोरीला पाणी पाहिजे, मे महिन्यात नुसता दगड तापलेला. ह्यांनी जेवता जेवताच निकाल दिला, "15 ऑगस्टला नळदुर्ग. केक किल्ल्यात."

मुलगी बोटं मोजत बसली. मार्च ते ऑगस्ट. मग म्हणाली, "पाच महिने लेट. व्याज लावून केक दोन किलोचा. आणि पप्पा, फोन दादांकडं ठेवून यायचा."

"दादा" म्हणजे पुतण्या. केकला ह्यांनी लगेच हो म्हटलं. फोनचं बघू म्हणाले.