सहा तास गेले कोणाचे?

क्लिपर ही शिडाच्या बोटींची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. तिच्यातला दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल हा टप्पा मी केला. ७० फुटी बोट, वीसेक माणसं. कप्तान आणि त्याचा मदतनीस सोडले तर बाकी सगळे माझ्यासारखे पैसे भरून आलेले हौशी.

माणसांचे गट दोन. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, रात्री चार-चार तासांच्या तीन. पाळ्या पाच आणि गट दोन, म्हणून वेळापत्रक रोज आपोआप उलटतं. आज मध्यरात्री डेकवर कुडकुडणारे उद्या त्या वेळी झोपलेले असतात. अण्णांनी गिरणीत आयुष्यभर तीन पाळ्या केल्या, त्यांना हा हिशोब फार आवडला असता.

पण चार तास सुट्टी म्हणजे चार तास झोप, असं काही नाही. चाळीस अक्षांशाच्या दक्षिणेला थर्मलचे दोन थर, वर पाणी आत न शिरू देणारा ड्राय सूट, त्यावर लाइफजॅकेट. बोट कायम एका अंगावर कललेली, त्यामुळे एका हाताने कशाला तरी लोंबकळायचं आणि दुसऱ्याने पाय सुटात कोंबायचा. म्हणून अर्धा तास आधी उठवतात. पाळी संपल्यावर हे सगळं उतरवायलाही जवळपास तेवढाच वेळ. बंक, म्हणजे झोपायची जागा, दोघींत एक, मी उठले की दुसऱ्या गटातली ती आडवी होणार. बंकच्या कडेला दोरी आणि कप्पी असते. शिडांची बाजू बदलली की बोट दुसरीकडे कलते, मग अर्धवट झोपेत दोरी ओढून बंक सपाट करायचा. वर छताला साचलेली वाफ थेंब-थेंब कानात.

पाळीपाळीने दोघांना ‘मदर’ व्हावं लागतं. दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक, ब्रेड भाजणं, भांडी. शेगडी झुलत असते, आपण पट्ट्याने ओट्यापाशी अडकवलेले. तरी सगळे त्या दिवसाकडे डोळे लावून बसतात, कारण त्यानंतर रात्रभर सलग झोप मिळते! मी मुगाची खिचडी केली, मुद्दाम घट्ट. बोट कितीही कलली तरी वाडग्यातून सांडत नाही.

ही शर्यत सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९९६ मध्ये सुरू केली. १९६८-६९ मध्ये ते एकटेच, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीला फेरी मारून आले, तेही मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’तून. सगळे त्यांच्या धाडसाबद्दल बोलतात. मला मात्र बंकवर पडल्या पडल्या एकच प्रश्न पडायचा: हा माणूस झोपायचा कधी?

आमची भांडणंही झोपेवरूनच. केप टाऊन आणि फ्रीमँटलच्या घड्याळात सहा तासांचा फरक. पूर्वेला जाताना ते तास वाटेत एकेक करून कापावे लागतात, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी विश्रांतीतला तास जातो. फ्रीमँटलला उतरलो तेव्हा आमच्या गटाचं म्हणणं होतं, आमचे चार गेले. त्यांचं म्हणणं, त्यांचेही चार.